खण खडखडतोय? तेलाची बाटली आधी बाजूला ठेवा

तुमच्या प्रश्नात दोन वेगळी दुखणी आहेत, म्हणून उत्तर लांबणार. एक, ठाण्याच्या फ्लॅटमध्ये दोन वर्षांपूर्वी जागेवरच बनवून घेतलेला प्लायचा वॉर्डरोब. त्यात टेलिस्कोपिक चॅनेलवरचे, म्हणजे बारीक गोळ्यांवर एकातून एक सरकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवरचे, चार खण. दोन खरखरतात, एक अर्ध्यावर अडखळतो. दुसरं, सासऱ्यांचं जुनं सागवानी टेबल, ज्याचे खण एरवी किंचाळतात आणि पावसाळ्यात उघडतच नाहीत. दोन्हीकडे शिलाई मशीनचं तेल घालून झालं, आठवडाभर बरं वाटलं, मग पहिल्यापेक्षा वाईट. आणि शेवटी विचारलंय की सरळ सॉफ्ट क्लोज, म्हणजे शेवटी आपोआप हळू बंद होणारं, चॅनेल बसवून घेऊ का.

तेलाने बरं वाटून मग बिघडलं, यातच निम्मं उत्तर आहे. आवाज करणारे जे खण माझ्याकडे येतात, त्यात ‘कोरडा पडलाय’ म्हणून ओरडणारा खण कमीच. बहुतेक वेळा माप चुकलेलं असतं, नाहीतर चॅनेलमध्ये कचरा असतो. तेल त्या कचऱ्याला धरून ठेवतं. लाकडावर तर आणखी वाईट, तिथे ते मुरतं, धूळ खातं आणि वर्षभरात चिकट काळा थर होतो. म्हणून वंगणाचं शेवटी बघू, आधी खण ऐका.

खण पूर्ण रिकामा करा. हे वाचून हसू येईल, पण खणाच्या नावाने आलेल्या तक्रारींतला काही आवाज आतल्या वस्तूंचा असतो, विशेषतः चमचे-पळ्यांच्या खणात. तिथे शंभर-दोनशे रुपयांची रबरी मॅट अंथरली की काम संपतं. रिकाम्या खणाला दोन्ही हातांनी सरळ ओढा, मग एका कोपऱ्याला धरून ओढा. सरळ ओढल्यावर गप्प आणि कोपऱ्याने ओढल्यावर खडखड, तर स्क्रू ढिले आहेत किंवा चॅनेलमधलं अंतर जास्त झालंय. पूर्ण वाटेवर सारखी खरखर असेल तर गोळ्यांमध्ये धूळ. दर वेळी त्याच ठिकाणी एकदाच ‘टक्’ होत असेल तर तिथे काहीतरी अडतंय, आणि ते बहुधा स्क्रूचं डोकं असतं. दबका घासल्याचा आवाज आला तर खणाचा तळ किंवा दर्शनी पाटी कुठेतरी टेकतेय. एवढं कळलं की कुठे हात घालायचा ते ठरलं.

आता वॉर्डरोब. खण पूर्ण बाहेर ओढा. दोन्ही बाजूंना चॅनेलवर काळी प्लास्टिकची छोटी कळ दिसेल. ती एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली दाबावी लागते, दोन्ही एकदम, आणि दाबलेल्या अवस्थेतच खण सरळ पुढे काढायचा. तिरका उपसलात तर कळ मोडते. खण निघाल्यावर कपाटात उरलेलं चॅनेल नुसतं हाताने पुढे-मागे करून बघा. आवाज तिथेही असेल तर दोष चॅनेलमध्ये. तिथे गप्प असेल तर दोष खणाच्या किंवा कपाटाच्या मापात.

तुमच्या बाबतीत पहिला संशय भुश्श्यावर. फर्निचर घरात बनलं की चॅनेल बसवल्यानंतरसुद्धा आठ-पंधरा दिवस कटिंग, सनमायका घासणं, पॉलिशपेपर मारणं चालूच असतं. ती पिठासारखी पूड चॅनेलच्या मूळच्या ग्रीसमध्ये जाऊन बसते. चांगला मिस्त्री खण आधी जुळवून घेतो, मग चॅनेल उतरवून ठेवतो आणि रंगकाम संपल्यावर पुन्हा चढवतो. पण घाईच्या साइटवर हे कोण करतंय! टॉर्च मारून गोळ्यांच्या वाटेत बघा. करडा-तपकिरी लगदा दिसला तर जुना टूथब्रश आणि फडक्यावर थोडं रॉकेल किंवा टर्पेंटाइन घेऊन सगळं पुसून काढा. थिनर वापरू नका. गोळ्या धरून ठेवणारी पट्टी बऱ्याच चॅनेलमध्ये प्लास्टिकची असते, आणि सनमायका ज्या गोंदाने चिकटवलाय तो थिनरने सुटतो. पुसून झालं, वाळलं, की दोन्ही गोळ्यांच्या वाटांवर पांढऱ्या लिथियम ग्रीसचा तुरीच्या दाण्याएवढा ठिपका, दहा-बारा वेळा मागे-पुढे, आणि बाहेर आलेलं सगळं पुसून टाका. बोटाला जेमतेम जाणवेल इतकंच ग्रीस राहायला हवं.

सगळे लोक उठसूट जो मारतात त्या स्प्रेबद्दल एक शब्द. डब्ल्यूडी-४० हे १९५३ मध्ये अमेरिकेत सॅन दिएगो इथे तयार झालं ते पाणी हटवून गंज रोखण्यासाठी, नावातला ४० म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नात जमलेला फॉर्म्युला. गंजलेला स्क्रू सोडवायला उत्तम. चॅनेलमध्ये मारलंत तर ते मूळचं ग्रीस धुऊन काढतं आणि स्वतः फार दिवस टिकत नाही. साफसफाईसाठी मारायचं तर मारा, पण नंतर पुसून ग्रीस लावलंच पाहिजे. शिलाई मशीनचं तेल वाईट नाही, फक्त फार पातळ आहे. ते ओघळून खालच्या खणातल्या कपड्यांवर पोचतं.

आता ‘टक्’. चॅनेल स्क्रूने मारताना ड्रिल जरा तिरकं गेलं की स्क्रूचं डोकं पुरतं बसत नाही, एक कड वर राहते, आणि आतली पट्टी दर वेळी तिच्यावरून घासत जाते. ही कड डोळ्यांनी पटकन दिसत नाही. दिसतो तो समोरच्या पट्टीवरचा ओरखडा, चकचकीत, चंदेरी, अगदी सरळ रेघेत, कारण तो एकाच बिंदूने पाडलेला असतो. ओरखडा जिथे संपतो तिथे स्क्रू शोधा. काढून चपट्या डोक्याचा नवीन स्क्रू लावा, १८ मिलिमीटरच्या प्लायला १५-१६ मिलिमीटर लांबीचा पुरतो. भोक सैल झालं असेल तर त्यात फेव्हिकॉल लावलेल्या आगकाडीच्या किंवा बांबूच्या काड्या ठासा, रात्रभर वाळू द्या, कड कापा आणि मग स्क्रू पिळा. पार्टिकल बोर्डात हा उपाय फार दिवस टिकत नाही. तिथे चॅनेलवरची दुसरी रिकामी भोकं वापरणं बरं, ती त्यासाठीच ठेवलेली असतात.

तरी अडखळणं राहिलं तर मग टेप काढा. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कमी केलं जाणारं काम.

नेहमीच्या बाजूच्या टेलिस्कोपिक चॅनेलला दर बाजूला अर्धा इंच लागतो, म्हणजे १२.७ मिलिमीटर. सुताराच्या भाषेत चार सूत. दोन्ही मिळून इंचभर, आणि आम्ही हाताशी थोडं ठेवून २६ मिलिमीटर धरतो. कपाटातल्या जागेची आतली रुंदी पुढे, मध्ये आणि मागे अशी तीन ठिकाणी मोजा. मग खणाच्या खोक्याची बाहेरची रुंदी पुढे आणि मागे मोजा. वजाबाकी करा. सगळीकडे २५ ते २६ आली तर माप बरोबर. २४ आली तर गोळ्या चेपल्या जातात आणि खण जोर लावल्याशिवाय सरकत नाही. २८ आली तर गोळ्या नीट टेकत नाहीत, खण डुलतो, आणि तीच तुमची खडखड. बहुतेक वेळा पुढे माप बरोबर असतं आणि मागे दोन-तीन मिलिमीटरचा फरक निघतो, कारण कपाटाची पाठ ठोकताना बाजूची फळी आत किंवा बाहेर गेलेली असते. जो खण अर्ध्यापर्यंत छान येतो आणि मग अडतो, त्याचं हेच. तुमचा तिसरा खण, माझ्या अंदाजाने, हाच.

अंतर जास्त असेल तर उपाय सोपा आहे. सनमायकाचे तुकडे घ्या, एक मिलिमीटर जाडीचे, साइटवर ढिगाने पडलेले असतात. चॅनेलचे मागचे स्क्रू सैल करा, हवे तेवढे तुकडे फळी आणि चॅनेलच्या मध्ये सरकवा आणि पुन्हा आवळा. एक तुकडा, मग ओढून बघा; दुसरा तुकडा, पुन्हा बघा. पुठ्ठा वापरू नका, तो दबतो आणि महिनाभरात पुन्हा तेच. अंतर कमी असेल तर मात्र खणाची बाजू किंवा कपाटाची फळी तासावी लागते. ते घरी करण्यापेक्षा मिस्त्रीला बोलवा.

रुंदी बरोबर आणि तरी खण वाकडा चालत असेल तर उंची बघा. डावं चॅनेल उजव्यापेक्षा दोन मिलिमीटर खाली असलं तरी पाटी तिरकी दिसते आणि खण पिळला जातो. खणाच्या बाजूच्या पट्टीला उभ्या लांबट खाचा दिलेल्या असतात, त्या वर-खाली करण्यासाठीच. गोल भोकात स्क्रू शेवटी मारायचा, सगळं जुळल्यावर. पुष्कळ जण पहिला स्क्रूच गोल भोकात मारून मोकळे होतात, आणि मग जुळवायला काही उरत नाही. दोन्ही बाजू सारख्या उंचीवर आणायच्या तर प्लायची एक पट्टी नेमक्या उंचीची कापा, ती खाली उभी धरून तिच्यावर चॅनेल टेकवा, स्क्रू मारा, तीच पट्टी दुसऱ्या बाजूला. टेपने दोनदा मोजण्यापेक्षा हे खात्रीचं.

खोकं काटकोनात आहे का हेही तपासा. समोरासमोरच्या कोपऱ्यांमधले दोन्ही कर्ण मोजले की कळतं. एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा फरक चालून जातो, सूतभर असेल तर खोकं तिरपलंय. तळाला ४ मिलिमीटरचा प्लाय असेल आणि वर जीन्सचा ढीग, तर तो पोटासारखा लोंबून खालच्या खणाला घासतो. तळ खाचेतून सरकवून काढता येत असेल तर काढा आणि उलटा करून घाला, पोट वर येईल. मधोमध खालून एक आडवी पट्टी चिकटवा. खिळ्यांनी ठोकलेला असेल तर ६ मिलिमीटरचा नवीन घालणं चांगलं.

खण परत बसवताना एक गोष्ट मुद्दाम बघा. कपाटातल्या चॅनेलमधली गोळ्यांची पट्टी बोटाने पुढे, अगदी तोंडापर्यंत ओढून आणा, मग दोन्ही बाजू एकाच वेळी, एकाच पातळीत घाला. पट्टी मागे राहिली आणि तुम्ही जोराने ढकललंत तर आतल्या पट्टीची कड गोळ्यांवर आदळते, पट्टी चुरगळते, गोळ्या घरभर पळतात. आणि एकदा गोळ्या सांडल्या की ते चॅनेल गेलं. त्या पुन्हा भरणारे लोक आहेत, पण नवी जोडी घेण्यात शहाणपण आहे. पहिल्यांदा बंद करताना शेवटी थोडा जोर लागेल, तो चालेल.

स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्यांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो, कारण आज ना उद्या विचाराल. तिथे फोडणीची वाफ आणि पीठ मिळून चॅनेलवर जो राप बसतो तो नुसत्या ब्रशने निघत नाही, कोमट साबणाच्या पाण्याचं घट्ट पिळलेलं फडकं, मग कोरडं, मग ग्रीस. समुद्राजवळच्या घरांत झिंकचा मुलामा असलेलं चॅनेल लवकर गंजतं. तिथे स्टेनलेस घ्या आणि दुकानदाराला २०२ की ३०४ ते विचारा, ३०४ गंजाला जास्त टिकतं. ट्रॉली खडखडत असेल तर बास्केटच्या कोपऱ्यातली वेल्डिंग सुटलीय का तेही बघा.

आता सासऱ्यांचं टेबल. इथे चॅनेल नाही. खणाच्या दोन बाजूंची खालची कड आतल्या दोन पट्ट्यांवरून सरकते, लाकूड लाकडावर. त्यात बिघडायला फारसं काही नसतं, म्हणूनच ते इतकी वर्षं चाललं. किंचाळणं आणि पावसाळ्यात अडकणं, हे दोन वेगळे आजार आहेत आणि दोन्हींना एकच औषध लागू पडत नाही.

किंचाळणं हे धरणं-सुटणं आहे. सारंगीवर गज फिरतो तेव्हा तार क्षणभर धरली जाते, सुटते, पुन्हा धरली जाते, तसंच कोरडं लाकूड लाकडाला धरतं आणि सोडतं, आणि वरचं टेबल तो आवाज मोठा करून ऐकवतं. आधी खण काढून खालच्या कडांवरून हात फिरवा, जपून, कूस लागेल. जुन्या खणात एखादा गंजका खिळा डोकं वर काढून बसलेला असतो आणि पट्टीवर खोल चर पाडतो. असेल तर तो ठोकून आत घाला किंवा उपटून टाका. तुम्ही तेल घातलंय, त्यामुळे आधी तो चिकट थर पटाशीच्या धारेने हलकेच खरवडा, टर्पेंटाइनने पुसा, दोन दिवस वाळू द्या. मग १२० नंबरचा पॉलिशपेपर, मग २२०, लाकडाच्या रेषेच्या दिशेने. शेवटी मेण.

कुठलं मेण? घरातली साधी पांढरी मेणबत्ती. मधमाशीचं मेण महाग आणि उन्हाळ्यात थोडं चिकट, पॅराफिन कडक आणि कोरडं राहतं. मेणबत्ती खणाच्या कडेवर आणि आतल्या पट्टीवर जोर देऊन घासा, हेअर ड्रायरने जरा गरम करा म्हणजे ते आत शिरेल, गार झाल्यावर पुन्हा एक हात. जुने सुतार साबणाची वडी घासायचे. तीही चालते, पण साबण दमट हवेत ओल ओढतो. कोरड्या भागात ठीक, ठाण्यात नको. मुलांच्या कॅरमची बोरिक पावडर टाकणारेही भेटतात. पावसाळ्यात तिचे गोळे होतात आणि लहान मुलं हात घालतात अशा ठिकाणी ती नसलेलीच बरी. सिलिकॉनचा स्प्रेही लाकडावर मारू नका. आज खण पळेल, पण पुढे कधी टेबलाला पॉलिश करायचं म्हटलं तर जिथे सिलिकॉन उडालं तिथे पॉलिश धरत नाही, गोल गोल डाग पडतात.

पावसाळ्यात अडकणं म्हणजे फुगणं. लाकूड रेषेच्या आडव्या दिशेने फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून खण लांबीला वाढत नाही, पाटी आणि बाजू उंचीत वाढतात. सहा इंची पाटी जुलै-ऑगस्टच्या हवेत सहज एखादा मिलिमीटर वाढते, आणि मुळात फटच तेवढी ठेवलेली असते. सागवान तसं शांत लाकूड, इतरांपेक्षा कमी हलतं. पण जुन्या टेबलात अनेकदा पाटी तेवढी सागवानी आणि बाजू-तळ आंब्याचे किंवा देवदाराचे. फुगतात ते हे आतले.

मूठ धरून हिसके मारू नका, मूठ हातात येईल. वरचा किंवा शेजारचा खण निघत असेल तर त्या वाटेने हात घालून मागून ढकला. नाहीतर टेबल पुढे घेऊन पाठ बघा, जुन्या टेबलांची पाठ चार स्क्रूंवर असते. निघाला की दोन-चार दिवस पंख्याखाली उभा ठेवा. उन्हात नको, पाटी वाकेल. मग शाळेतला रंगीत खडू बाजूंच्या वरच्या-खालच्या कडांना लावा, खण जाईल तिथपर्यंत घाला आणि काढा. खडू जिथे पुसला गेला तिथेच तो धरतोय, बाकी लाकडाला हात लावायचं कारण नाही.

इथे धीर धरायचा. जुलैत रंधा मारून खण मोकळा केलात तर मार्चमध्ये तो काडीपेटीत हलणाऱ्या काडीइतका सैल होईल. खडूच्या खुणांवर पेन्सिलने रेघ मारून ठेवा, आत्ता पॉलिशपेपरने जेवढं भागेल तेवढं भागवा आणि दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर, मेण घासण्याआधी त्या रेघांवर रंध्याचा एक पातळ हात द्या. त्याच वेळी खणाच्या आतबाहेर, जिथे जिथे कोरं लाकूड आहे तिथे, लाखेच्या स्पिरिट पॉलिशचे दोन हात. पाटीला बाहेरून चकाकी आणि आतून कोरं, अशा स्थितीत ओल आतूनच शिरते. लाखेने ती थांबत नाही, पण मंदावते. घासणाऱ्या कडा मात्र पॉलिशविना, नुसत्या मेणाच्या ठेवा.

झीज जास्त असेल, म्हणजे बाजूची कड सुरीसारखी पातळ झालीय आणि पट्टीत चर पडलाय, तर मेणाने भागणार नाही. खण खाली बसलेला असतो आणि पाटी खालच्या आडव्या पट्टीला घासते. कड रंध्याने सरळ करून खाली शिसवाची बारीक पट्टी चिकटवायची, जेवढं झिजलं तेवढीच जाड. आतल्या पट्टीचा चर भरून वर गुळगुळीत सनमायकाची चिंचोळी पट्टी चिकटवली तर मेण लावलेलं लाकूड तिच्यावरून सुरेख सरकतं. सांधे हलत असतील तर तेही याच वेळी. त्या काळच्या टेबलात सरस, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचा गोंद, वापरलेला असायचा, गरम पाण्याच्या फडक्याने तो मऊ होतो. तो पूर्ण काढून मगच फेव्हिकॉल, दोरीने आवळून, आणि वाळायच्या आत कर्ण पुन्हा मोजून.

शेवटी सॉफ्ट क्लोज. टेबलात अजिबात नको, त्यासाठी खणाच्या बाजू कापाव्या लागतात आणि जुनं काम बिघडतं. वॉर्डरोबला चालेल, पण आधी माप दुरुस्त करा. सॉफ्ट क्लोजमध्ये शेवटच्या दोनेक इंचांत स्प्रिंग खण ओढते आणि डॅम्पर त्याला आवरतो. रुंदी चुकलेली असेल तर तो खण तिथेच अर्धवट उघडा राहतो, आणि साध्या चॅनेलपेक्षा जास्त त्रास देतो. डॅम्परच्या आकड्याला ग्रीस लावायचं नाही. तुम्हाला नुसता ‘धप्प’ आवाज नको असेल तर कपाटाच्या कडेला, पाटी टेकते तिथे, वरच्या दोन कोपऱ्यांत सिलिकॉनचे बंपर किंवा फेल्टच्या चकत्या चिकटवा. तीस-चाळीस रुपयांत काम होतं. चॅनेलच बदलायचं ठरलं तर जुनं काढून त्याची बंद स्थितीतली लांबी मोजून दुकानात न्या, १० ते २० इंचांपर्यंत दोन-दोन इंचांच्या फरकाने मिळतात. बाजूला लागणारं साधं सॉफ्ट क्लोज मागा. अंडरमाउंट म्हणून जे खणाच्या तळाखाली बसणारं दाखवतील ते तुमच्या आत्ताच्या खोक्यांना बसणार नाही, त्याला खणाचं माप वेगळं लागतं.